भरखताचा करारनामा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेमागं एक खड्डा होता. स्टेशनवरून इथं येताना गाडीत त्यांच्या एका विद्यार्थ्यानं मला हे सांगितलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुलांनी आवारातला पाला, वसतिगृहातली सालं-देठं आणि शेजारच्या गोठ्यातलं शेण त्या खड्ड्यात नेऊन टाकायचं. खड्डा भरला की वरून शेणमातीनं लिंपायचा. पुढच्या साली ते खत शाळेच्या वांग्यांना, आणि वांगी पुन्हा वसतिगृहाच्या पातेल्यात.

‘नागरी ओला कचरा, कंपोस्ट आणि खासगी भागीदारी’ असा विषय पत्रिकेवर छापला आहे. तो वाचून निम्मी मंडळी घरीच थांबतील असं मला वाटलं होतं. पण बोलायचं आहे ते त्या खड्ड्याबद्दलच. त्यात कचरा टाकणारे, तो कुजवणारे आणि त्यातलं पीक खाणारे एकाच कुंपणाच्या आत होते. शहर वाढलं तसे हे तिघं एकमेकांपासून तीस-चाळीस किलोमीटर लांब गेले आणि त्यांच्यामध्ये एक करारनामा येऊन बसला. माझी नोकरी माती तपासण्याची. त्या कागदाशी माझा संबंध निवृत्तीनंतर आला, जेव्हा नगरपालिका ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावू लागल्या. पुष्कळ करार वाचले. जवळजवळ सगळ्यांत एकच उणीव दिसली. ती आज सांगतो.

आधी थोडं मागं जाऊ. कंपोस्टच्या इतिहासात इंदूरचं नाव जगभर घेतलं जातं. होळकरांच्या इंदुरात 1924 साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू झाली. तिथं अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख थरांनी रचून, ठरावीक दिवसांनी उलथवून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. तीच ‘इंदूर पद्धत’. 1931 साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डसाहेबांबरोबर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हे दुसरं नाव घेणारे फार थोडे भेटतात, म्हणून इथं मुद्दाम घेतलं. रसायनशाळेतलं काम वाडांचं होतं, आणि खताचा ढीग नुसत्या नजरेनं नाही, मोजमापानं चालवायचा असतो हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं.

ढीग चालवायचा म्हणजे काय? कुजवणारे जीव हवा खातात. त्यांना ओल लागते, पण चिखल चालत नाही. मूठभर माल घेऊन आवळला तर बोटांच्या फटीत ओल यावी, धार लागू नये. पालापाचोळ्यातला कार्बन आणि हिरव्या भाजीतला नत्र यांचं प्रमाण साधारण तीसास एक असलं की ढीग दोन-तीन दिवसांत तापतो. आत 55 ते 65 अंश. पहाटे फावडं घातलं तर वाफ निघते आणि वास पावसानंतरच्या रानासारखा येतो. हवा कोंडली की तोच ढीग कुजक्या अंड्यासारखा घाण मारतो, आणि त्यातून मिथेन निघतो. वास ही ढिगाची तक्रार असते. ती गावकऱ्यांना पहिल्या दिवशी ऐकू येते, कंत्राटदाराला सहसा शेवटी.

गुरुजींच्या खड्ड्यात टाकायचं काय, हे टाकणाऱ्यालाच कळत होतं. शहराच्या कचऱ्यात पहिली फजिती इथेच झाली. 1970 च्या दशकात केंद्र सरकारच्या मदतीनं बंगळूर, बडोदे, मुंबई, कलकत्ता, दिल्ली, जयपूर, कानपूर अशा शहरांत मोठमोठे यांत्रिक कंपोस्ट कारखाने उभे राहिले. रोजचा दीडशे ते तीनशे टन कचरा पट्ट्यांवरून पुढं सरकणार, यंत्र तो फोडणार, चाळणार आणि दुसऱ्या टोकाला खत पडणार अशी कल्पना. यंत्रं परदेशातल्या कचऱ्याच्या हिशेबानं घडलेली, आणि आमचा कचरा ओला, मातकट, वाळू-राखेनं भरलेला. बहुतेक कारखाने काही वर्षांतच थांबले. हे कारखाने सरकारी होते बरं का. म्हणून ‘खासगीकरणानं वाटोळं केलं’ असं म्हणणाऱ्यांनी आणि ‘सरकारला काही जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही जरा दमानं घ्यावं.

पुढं 1996 साली अलमित्रा पटेल शहरांच्या उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याविरुद्ध याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या याचिकेतून समिती नेमली गेली आणि 2000 साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. ओला कचरा कुजवा, उघड्यावर फेकू नका असं कायद्यानं सांगितलं. पालिकांकडं ना पैसा, ना माणूस. मग भागीदारी आली. जमीन पालिकेची, कचरा पालिकेचा. यंत्रं, भांडवल आणि कारभार कंपनीचा. मुदत पंधरा, वीस, पंचवीस वर्षं.

आता तो करार कुठं फसतो, ते एका काट्यावर पाहिलेलं सांगतो. शहराचं नाव घेत नाही. जुलैचा महिना होता. प्रकल्पाच्या फाटकाशी डंपर वजनकाट्यावर चढत होते, केबिनमधला मुलगा पावत्या फाडत होता. कंपनीला प्रत्येक टनामागं पैसे मिळणार होते, आणि टन म्हणजे आत येणारा टन. पावसानं कचरा निथळत होता, म्हणजे पाण्याचेही पैसे. एका डंपरमध्ये वर केळीचे खुंट आणि खाली फोडलेल्या भिंतीचा राडारोडा मी स्वतः पाहिला. काट्यावरच्या मुलाला विचारलं, “हे कसं चालतं?” तो म्हणाला, “काटा काय बोलतो ते मी लिहितो, साहेब. आत काय आहे ते काटा सांगत नाही.” फाटकाच्या आत तो ढीग दोन महिने कुणी उलथवला नव्हता. उलथवायला डिझेल लागतं. उलथवलं म्हणून कुणी छदाम देणार नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात तयार खताच्या पोत्यांची थप्पी होती, पण तिच्यावर कोळ्यांनी जाळी धरली होती.

कंपनी चोर होती का? मला तसं म्हणता येत नाही. ज्याचे पैसे मिळतात ते ती करत होती. करारात कचरा ‘घेण्याचे’ पैसे होते. खत ‘जाण्याचे’ नव्हते.

उलट उदाहरण द्यायचं तर मी ढाक्याचं देतो, आणि त्यावर थोडा रेंगाळणार आहे.

इफ्तेखार एनायतुल्ला आणि मकसूद सिन्हा, एक अभियंता, एक वास्तुरचनाकार, दोघंही नगररचना शिकलेले. 1995 साली त्यांनी ‘वेस्ट कन्सर्न’ नावाची संस्था काढली. ढाक्याचा कचरा म्हणजे तीन-चतुर्थांशाच्या आसपास ओला माल: भाजी, मासळीचे अवशेष, भात, फणसाची चारखंडं. जागा पालिकेकडून नव्हे, लायन्स क्लबकडून मिळाली, मीरपूर भागात, साधारण हजार चौरस मीटर. दिवसाला तीन टन कचरा. सायकलरिक्षाला पेटी जोडून घरोघर फिरायचं आणि घरटी महिन्याला दहा-वीस टका घ्यायचे. यंत्र जवळजवळ नाही. बांबूच्या कामट्यांची तिकोनी जाळी जमिनीवर मांडायची आणि तिच्यावर ढीग रचायचा, म्हणजे खालून हवा खेळते. ही युक्ती इंडोनेशियाची, आणि ढाक्याच्या पावसाला ती बरोबर जमली. पुढं विटांच्या जाळीदार पेट्या आल्या. सुमारे चाळीस दिवस कुजवण, पंधरा दिवस मुरवण, मग चाळण. शंभर किलो ओल्या मालाचं वीस-पंचवीस किलो खत.

इथवरचं काम आपल्याकडंही अनेकांनी केलं आहे. या दोघांचं शहाणपण पुढच्या पायरीत आहे. आपण खत विकू शकत नाही हे त्यांनी लवकर ओळखलं. खत विकणं हा वेगळा धंदा आहे. तालुक्यातालुक्यात दुकानदार लागतात, उधारी द्यावी लागते, पेरणीच्या पंधरा दिवस आधी माल गोदामात लागतो. मग त्यांनी रासायनिक खतं विकणाऱ्या एका कंपनीशीच बोलणी केली. ‘मॅप अॅग्रो’नं हे कंपोस्ट ठोक घ्यायचं, पिकाच्या गरजेप्रमाणं त्यात अन्नद्रव्यं घालायची आणि स्वतःच्या जाळ्यातून विकायचं. ज्याच्याशी कंपोस्टची स्पर्धा, त्याच्याच गाडीत कंपोस्ट बसवलं! हे सुचायला पुस्तकी शिक्षण पुरत नाही, बाजारात उभं राहावं लागतं. 1998 पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं हात दिला आणि सरकारी खात्यांच्या जागांवर, इतर वस्त्यांमध्ये अशीच छोटी केंद्रं निघाली. म्हणजे सरकार भागीदार झालं ते काम चालतं हे दिसल्यानंतर. आपल्याकडं बहुधा उलटं होतं. आधी भूमिपूजन, मग शोधाशोध.

दुसरा टप्पा मोठा होता. क्योतो करारातल्या ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली, कचरा कुजताना जो मिथेन सुटला असता तो हवा खेळवून टाळला, तर त्याची कार्बन-पतं, म्हणजे बाजारात विकता येणारी ‘कार्बन क्रेडिट्स’, मिळत. नेदरलँड्समधल्या एका कंपनीबरोबर वेस्ट कन्सर्ननं हा प्रकल्प मांडला आणि 2006 साली त्याची नोंदणी झाली. ढाका महापालिकेशी करार पंधरा वर्षांचा. आराखडा दिवसाला 700 टनांचा; 2008 च्या अखेरीस नारायणगंज जिल्ह्यातल्या बुलता इथं पहिला टप्पा निघाला तो 130 टनांचा. माल घरांतला नव्हता. कारवान बाजारसारख्या घाऊक मंडयांमधला भाजीपाला, म्हणजे मुळातच काच-प्लास्टिक कमी. वाहतूक कंपनीच्या पदरची, म्हणजे महापालिकेचा तेवढा खर्च वाचला. टनामागं ‘कचरा घेण्याची’ फी नाही! कंपनीला पैसे मिळायचे ते खत विकून आणि कार्बन-पतं विकून. ढीग नीट उलथवला, हवा नीट दिली, तरच पैसे. गुरुजींना हा करार आवडला असता असं मला वाटतं.

पण पुढची गोष्ट लपवू नये. त्या कार्बन-पतांचा भाव 2008 मध्ये वीस युरोंच्या घरात होता, तो 2012 च्या अखेरीला एका युरोच्याही खाली आला. ढाक्याच्या मंडईतली कोबीची पानं तशीच कुजत होती, तेवढाच मिथेन टळत होता. पण त्याची किंमत युरोपातल्या बाजारात ठरत होती. प्रकल्पाचा एक पाय त्या बाजारात रोवलेला होता, आणि तो तिथंच मुरगळला. आज पुन्हा कार्बनच्या पैशाची स्वप्नं दाखवणारे सल्लागार नगरपालिकांच्या पायऱ्या चढताना दिसतात. त्यांना चहा जरूर द्यावा, अंदाजपत्रकात मात्र तो आकडा वरकड म्हणून धरावा.

मग दुसरा पाय राहतो, शेतकऱ्याचा. आणि इथं आपल्याच भाषेतला एक जुना भेद कामाला येतो. आपली म्हातारी माणसं खतांचे दोन प्रकार मानत: भरखत आणि जोरखत. शेणखत, कंपोस्ट हे भरखत. गाडीनं घालायचं, जमिनीचा पोत सुधारतो, ओल टिकते, परिणाम दोन-तीन हंगामांनी दिसतो. पेंड हे जोरखत. मुठीनं घालायचं, पीक आठवड्यात हिरवं. पुढं युरिया आला, तो तर जोरखतांचाही बाप. शहरी कंपोस्ट हे भरखत आहे, आणि आपण ते जोरखतासारखं पोत्यात भरून, रंगीत छापून, युरियाच्या शेजारी विकायला ठेवतो. तिथं त्याची काय गत होणार?

हिशेब करून बघा. 45 किलोचं युरियाचं पोतं अनुदानामुळं शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना पडतं. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे वीस किलोंहून थोडा जास्त. कंपोस्टमध्ये नत्र एक टक्का धरा. तेवढ्याच नत्रासाठी दोन टन कंपोस्ट लागेल. दोन टनांची नुसती गाडी 266 रुपयांत येईल का? अर्थात ही तुलनाच चुकीची आहे, भाकरीची तुलना गोळीशी करण्यासारखी. कंपोस्ट नत्रासाठी घालायचंच नसतं, सेंद्रिय कर्बासाठी घालायचं असतं. मी तपासलेल्या मातीच्या नमुन्यांत कर्ब अर्ध्या टक्क्याखाली पाहून पाहून डोळे शिणले. पण दुकानाच्या फळीवर पोती शेजारी शेजारी उभी असतात आणि शेतकरी खिशात हात घालून उभा असतो. केंद्र सरकारनं 2016 च्या फेब्रुवारीत शहरी कंपोस्टला टनामागं 1500 रुपयांचं विपणन साहाय्य जाहीर केलं, खत कंपन्यांनीही ते विकावं असं ठरवलं. दिशा बरोबर होती. टनाला 1500 म्हणजे किलोला दीड रुपया. शंभर किलोमीटरच्या वाहतुकीत त्यातलं किती उरतं ते इथल्या ट्रकवाल्यांना विचारा.

आणि पैशापेक्षाही मोठी अडचण हातात येते. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाचं कंपोस्ट घेऊन आम्ही भातपट्ट्यातल्या एका गावात गेलो होतो. प्रयोगशाळेचा दाखला बरोबर. खत नियंत्रण आदेशाप्रमाणं शिसं किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम 5 च्या आत, सगळं मर्यादेत. एका बाईंनी पोत्यात हात घातला, मूठभर खत तळहातावर पसरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं हळूहळू चाळू लागल्या, तांदूळ निवडावेत तसं. पेनाचं टोपण निघालं. बांगडीचा तुकडा निघाला. मग ट्यूबलाइटच्या काचेची एक पातळ चकती. ती त्यांनी उन्हात धरून आम्हाला दाखवली. “दादा, लावणीला आम्ही अनवाणी उतरतो,” एवढंच म्हणाल्या आणि खत पोत्यात परत टाकून हात झटकले. माझ्या हातातला दाखला मी घडी करून खिशात ठेवला.

ती काच चाळणीवर अडवायला उशीर झालेला असतो. ट्यूबलाइट गाडीत दाबली गेली की तिचे शंभर तुकडे होतात, आणि शंभर तुकडे कुठलंही यंत्र काढत नाही. ती अडते फक्त घराच्या उंबरठ्यावर. म्हणून माझ्या मते या भागीदारीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं यंत्र म्हणजे दारात दोन बादल्या मागणारा माणूस. पुण्यात 1993 पासून कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायतीनं कचरावेचकांची संघटना बांधली. 2008 मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन वेगळा कचरा घेणाऱ्या या बाया त्या करारात मजूर म्हणून आल्या नाहीत, संस्थेच्या मालक म्हणून आल्या. खासगी भागीदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टाय घातलेला माणूसच का येतो, कोण जाणे.

आणि ज्यांच्या दारात ढीग येतो त्यांचं काय? केरळात तिरुवनंतपुरमचा कचरा 2000 सालापासून विळप्पिलशाला या शेजारच्या गावात जात होता. कारखाना आधी खासगी कंपनीनं चालवला, मग महापालिकेनं. ढीग वाढत गेले, ओढ्यात काळं पाणी उतरू लागलं, गावकरी वर्षानुवर्षं तक्रारी करत राहिले. 2011 च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीनं कारखान्याला कुलूप घातलं. राज्याची राजधानी, पण तिच्या कचऱ्याला एका पंचायतीनं वाट बंद केली, आणि ती पुन्हा उघडली नाही. मग शहराला आपल्याच आवारात बघणं भाग पडलं. घरोघर पाइपातलं कंपोस्ट, वॉर्डावॉर्डात हवेशीर पेट्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेललेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

आता पुन्हा इंदुरात येऊ, म्हणजे वर्तुळ पुरं होण्यासाठी नव्हे, तर तिथं आज एक करार आहे म्हणून. देवगुराडिया इथं, जिथं जुन्या कचऱ्याचे डोंगर होते, 2022 च्या फेब्रुवारीत रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस प्रकल्प सुरू झाला. भांडवल सुमारे 150 कोटी, सगळं कंपनीचं. महापालिका टनामागं काही देत नाही. उलट कंपनीच वर्षाला अडीच कोटी महापालिकेला देते. दिवसाला 17 हजार किलो गॅस आणि 100 टन खत अशी क्षमता. आणि त्यातलं कलम ऐका: निदान अर्धा गॅस महापालिका स्वतः विकत घेणार, बाजारभावापेक्षा किलोला पाच रुपये कमी देऊन, शहर बसगाड्यांसाठी. म्हणजे करारातच गिऱ्हाईक लिहून ठेवलं आहे! कंपनी अडीच कोटी उगाच देत नाही. तिला घरातूनच वेगळा केलेला स्वच्छ ओला माल मिळतो, म्हणून देते. माझा प्रश्न फक्त उरलेल्या 100 टनांचा आहे. बसनं गॅस घेतला. रोजचं 100 टन खत कुठलं शिवार घेणार? वाड आणि हॉवर्ड यांच्या शहरात हा प्रश्न विचारायलाच हवा.

मघाशी म्हणालो ती उणीव हीच. या करारनाम्यांवर पालिकेची सही असते, कंपनीची असते, साक्षीदारांची असते. ज्याच्या रानात ते खत पडायचं त्याची नसते, आणि ज्याच्या वेशीवर ते कुजायचं त्या गावाचीही नसते.

येताना कळलं की आपल्या नगरपालिकेचंही असं काही घाटतं आहे. निविदेचा मसुदा तयार आहे म्हणे. तो मागून घ्या; माहितीच्या अधिकारात मिळेल. मी सांगतो तेवढ्या जागा तपासा. पैसे आत येणाऱ्या टनावर आहेत की बाहेर जाणाऱ्या, चाळलेल्या, तपासलेल्या टनावर? न वेगळा केलेला कचरा परत पाठवायचा हक्क काट्यावरच्या माणसाला आहे का? तयार खतातलं किती पालिका स्वतःच्या बागांना घेणार, किती तालुक्यातल्या विकास सोसायट्या उचलणार, आणि कोणत्या महिन्यात? उसाच्या लागणीआधी की नंतर? ढिगाला वास आला तर शेजारच्या ग्रामपंचायतीनं कुणाला फोन करायचा, तो नंबर लिहिला आहे का?

आणि सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा पाच-दहा शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जा. ते आत घेणार नाहीत म्हणतील. तरी जा. जाताना एखाद्या प्रकल्पाचं मूठभर कंपोस्ट कागदावर घेऊन जा आणि सभागृहाच्या टेबलावर पसरून ठेवा.